मोतद्दाराचा तळहात

मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर बसून लिहिला गेला, असे आपण सभासंमेलनांतून नेहमी ऐकतो आणि ऐकून टाळ्याही वाजवतो. पण दिवसभराच्या दौडीनंतर त्या घामेजलेल्या पाठीवरून खोगीर उतरवून ती चोळीत कोण बसत होते, हे कुणी विचारीत नाही. बखरींत सरदारांची नावे आहेत, किल्ल्यांची आहेत, तहांच्या कलमांची आहेत. घोड्याला मोल होते, म्हणून घोड्यांची गणतीही आहे. मोतद्दार मात्र त्या गणतीच्या कडेला कुठेतरी पिछाडीची दोरी धरून उभा असावा, आणि लिहिणाऱ्याची नजर त्याच्या डोक्यावरून पुढे गेलेली असावी, असे झाले आहे.

गेली दोन वर्षे मी एका कादंबरीच्या निमित्ताने या मोतद्दाराच्या मागे लागलो आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पशुवैद्यकाशी माझा संबंध शाळेच्या आवारात शिरलेल्या म्हशी हाकण्यापुरता. पण शोध माणसाला कुठून कुठे नेईल, याचा नेम नाही. मोतद्दाराच्या तळहाताचा माग काढीत मी अथेन्सला गेलो, तंजावरला गेलो (पुस्तकांतूनच, हे वेगळे सांगायला नको), आणि शेवटी अशा एका कॅमेऱ्यापाशी येऊन पोचलो की जो घोड्याचे चित्र काढतो, पण त्यात घोडा काळा की पांढरा ते कळत नाही. दिसते ती फक्त त्याच्या अंगातली ऊब. ही सारी वाट मला भारी गमतीची वाटली. फराळाचे ताट समोर असताना वाचकांनी थोडे माझ्याबरोबर यावे.

आधी घरचे पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, ही चढण आपल्याला पाठ असते. शाळेत आम्ही ती पाठ करूनच घेतो. पण त्याच जागी सभासद आणखी एक गोष्ट सांगतो: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर यांची काळजी हुद्द्यांच्या बरोबरीने मांडली आहे. मला तर तेवढ्या एका ओळीतून सारी पागा दिसू लागते. पखालीतून ठिबकणारे पाणी दिसते, आणि ऐरणीवर तापलेल्या नालाचा वास येतो.

चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, एवढाच त्याचा अर्थ आपण भाषणापुरता उचलतो. ते पत्र सबंध वाचावे. त्यात हा राजा दाण्यावैरणीचा हिशेब करीत बसला आहे! पावसाळा सरेपर्यंत पुरेल अशा बेताने दाणा-गवत खर्च करा. आजच उधळलेत तर पुढे घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. रात्री दिवे जपा. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, आणि मग घोडी वाचायची नाहीत. सिंहासनावर बसायच्या गडबडीत असलेल्या माणसाला उंदराने नेलेली वात सुचते, याला काय म्हणावे? मी तरी याला घरधनीपण म्हणतो.

आता खरारा. हा शब्द आपण अवजारालाही लावतो आणि कामालाही. लोखंडी दात्यांच्या खराऱ्याने माती आणि मेलेले केस निघतात, हे खरे. पण ते निम्मेच काम. उरलेले निम्मे हाताने करायचे असते. मनगटात जोर घेऊन, केसांच्या वळणाने, मानेपासून पाठीकडे आणि पाठीकडून मांड्यांकडे तळहात दाबीत न्यायचा. हे ज्याला साधते त्याच्या हातून दोन कामे एकदम होतात. अंग मोकळे होते, आणि कुठे काय बिघडले आहे याची झडतीही रोजच्या रोज होऊन जाते. कुठे गाठ आली, कुठे खोगीर टोचले, कुठे हात लावताच जनावराने कातडी थरथरवली, हे सारे तळहाताला कळते. इंग्रज आले आणि इथल्या सईसांचे हे काम पाहून सईस हा शब्दच आपल्या भाषेत घेऊन गेले. त्यांच्या देशातले मोतद्दार वाळल्या गवताची घट्ट जुडी वळून तिने घोड्याच्या पुठ्ठ्यांवर ताल धरून थापट्या मारीत. तीही मालिशच, फक्त हात आणि कातडी यांच्यामध्ये गवत.

तरी ही विद्या आपलीच, असे म्हणून छाती फुगवण्याचे कारण नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन नावाचा अथेन्सचा एक सेनानी होऊन गेला. त्याने अश्वारोहणावर एक छोटे पुस्तक लिहिले आहे. हा माणूस लढाया लढला, सॉक्रेटिसाच्या पायाशी बसला, आणि तरीही घोड्याची पाठ कशी पुसावी हे लिहायला त्याला कमीपणा वाटला नाही. त्याचे म्हणणे असे, की कण्यावर कुठलेही अवजार लावू नये. तिथे हातानेच, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने चोळावे. पाय रोज धुऊ नयेत, त्याने खूर बिघडतात. ते हातानेच साफ करावेत. पोटाखाली फार घासू नये, जनावराला ते आवडत नाही. आवडनिवड विचारणारा सेनापती!

त्याच्याही हजार वर्षे मागे गेलो तर आजच्या तुर्कस्तानात हित्ती लोकांच्या राजधानीत मितान्नी देशाचा किक्कुली नावाचा एक अश्वशिक्षक भेटतो. त्याने रथाचे घोडे कसे तयार करावेत, त्यांना केव्हा दौडवावे, केव्हा धुवावे, केव्हा घोंगडे पांघरावे, दाणा किती द्यावा, याचा महिन्यामहिन्यांचा क्रम मातीच्या विटांवर लिहवून ठेवला आहे. त्या विटा विसाव्या शतकाच्या आरंभी सापडल्या. दौडीच्या फेऱ्या मोजताना तो जे शब्द वापरतो ते असे: ऐक, तेर, पंझ, सत्त, न. वाचकहो, मोठ्याने म्हणून पाहा. एक, तीन, पाच, सात, नऊ! मी हे वर्गात फळ्यावर लिहिले तेव्हा नेहमी खिडकीबाहेर पाहणारी मुलेसुद्धा फळ्याकडे पाहू लागली.

आपल्याकडे या विद्येचा मूळपुरुष शालिहोत्र. पांडवांत हा मान नकुलाचा; विराटाच्या घरी अज्ञातवासात तो ग्रंथिक या नावाने अश्वपाल होऊन राहिला होता, हे लहान मुलालाही ठाऊक असते. जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' कलकत्त्याला १८८६च्या सुमारास छापले गेले. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, १७८८ साली, शालिहोत्राच्या फारसी अवताराचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यालाच निघाले होते. फारसीत जाताना शालिहोत्राचा 'सालोतर' झाला, आणि घोड्याच्या वैद्याला आपण सालोत्री म्हणू लागलो. ऋषीचे नाव झिजत झिजत धंद्याचे नाव झाले. नकुलाच्या नावावर असलेले 'अश्वशास्त्र' तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली रंगीत चित्रांसह छापले. भोसल्यांच्या त्या ग्रंथभांडारात ही पोथी जपली गेली, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद होतो.

मात्र पोथ्यांविषयी माझे मत सांगून टाकतो. त्यांत भोवऱ्यांचे फार माजले आहे. कपाळावर भोवरा कुठे असला तर धन्याला राज्य मिळते आणि कुठे असला तर धनी मरतो, याच्या याद्या संपता संपत नाहीत. पोथी लिहिणारा पंडित दूर उभा राहून घोड्याची कातडी वाचीत होता, आणि अक्षरओळख नसलेला मोतद्दार जवळ बसून कातडीखालचे वाचीत होता. ज्याला लिहिता येत होते त्याच्या हाताला घोड्याचा घाम नव्हता, आणि ज्याच्या हाताला घाम होता त्याला लिहिता येत नव्हते. म्हणून आपल्यापर्यंत भोवरे आले आणि मालिश आली नाही.

हे कातडीखालचे वाचणे म्हणजे काय, ते मला सारंगखेड्याला कळले. तापीकाठी दत्तजयंतीला तिथे घोड्यांची मोठी यात्रा भरते. मी तिथे तीन दिवस नुसता हिंडलो. एक म्हातारा गिऱ्हाईक घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, हात फिरवीत होता. तळहात नव्हे, पालथा हात. मी विचारले, "बाबा, पालथा का?"

"गुरुजी, तळवा राठ झालाय काम करून. पालथ्या हाताला ऊब लौकर कळती. दोन्ही पाय येकाच हातानं बगायचे. येक गरम, येक गार, म्हंजे घोडं खोटं."

"घोडं खोटं, की विकणारा?"

म्हातारा हसला. "घोडं कशाला खोटं बोलंल? त्येला बोलताच येत न्हाई. म्हनून तर हात लावायचा."

घोडा हा शिकार होणाऱ्या जातीचा प्राणी. कळपात जो लंगडतो त्याच्यावर लांडग्याची नजर आधी जाते. म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. त्यातून त्याच्या पायाची घडण अशी, की गुडघ्याखाली मांसाचे नाव नाही. तिथे आहेत हाडे, कातडी आणि दोऱ्यांसारख्या लांब कंडरा. दौडताना मागची कंडरा ताणलेल्या रबरासारखी लांबते आणि पुन्हा आखडते. त्यात काही शक्ती उष्णता होऊन आतच कोंडते. १९९४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी भरधाव घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यातली उष्णता मोजली. ती ४५ अंश सेल्सियसपर्यंत गेली! आपल्या घरच्या तापमापकाच्या भाषेत ११३ अंश. मुलाचा ताप १०४ झाला की आपण रात्री डॉक्टरांचे दार ठोठावतो. घोड्याच्या पायात रोज एवढी भट्टी पेटते आणि विझते. एखाद्या दिवशी ती पुरती विझत नाही, आत सूज धरते, आणि म्हाताऱ्याच्या पालथ्या हाताला जी लागते ती हीच.

पण हाताची धाव किती? साधारण दोन अंशांचा फरक असला तर माणसाच्या हाताला तो ओळखता येतो. त्याहून बारीक ओळखायला डोळा हवा. आणि उष्णतेला पाहणारा डोळा मिळायला माणसाला पुष्कळ वाट पाहावी लागली.

तिची सुरुवातही मातीनेच झाली. हिपोक्रेटिसाच्या नावावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत एक युक्ती दिली आहे. छातीत पू झालेल्या रोग्याच्या अंगाभोवती ओल्या बारीक मातीत भिजवलेले वस्त्र गुंडाळायचे. ते जिथे आधी सुकेल तिथे रोग. पुढे १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. हा मुळात जर्मनीतला वादक. वाद्ये वाजवता वाजवता दुर्बिणी घासू लागला आणि युरेनस शोधून बसला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक सर्वांत वर चढला. अवरक्त किरण सापडले ते असे. चाळीस वर्षांनी त्याचा मुलगा जॉन याने कागदाला काजळी फासली, तो मद्यार्काने भिजवला, आणि त्यावर तो अदृश्य प्रकाश पाडला. जिथे ऊब पडली तिथला कागद आधी सुकला आणि उबेचे पहिले चित्र उमटले. म्हणजे पुन्हा ग्रीकांचीच ओली माती! फक्त या खेपेला मातीच्या जागी काजळी.

विसाव्या शतकात ही विद्या लष्कराने उचलली, कारण अंधारात शत्रू उबेने दिसतो. लष्कराच्या हातून ती रुग्णालयांत आली. १९५६ साली माँट्रियलच्या डॉ. रे लॉसन यांनी स्तनाच्या कर्करोगावरची कातडी जास्त उबदार असते हे दाखवले. १९६५ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी घोड्यांवरच्या वापराविषयी लिहिले. आजचा कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाहूनही बारीक फरक टिपतो. पाहण्याची रीत मात्र सारंगखेड्याचीच: डावा पाय उजव्याशी ताडून पाहायचा. एकाच जागी दोहोंत एक अंशाचा फरक निघाला तर कान टवकारायचे. शिवाय घोडा उन्हातून आणलेला नको, वाऱ्याच्या झोतात नको, अंगाला चिखल नको, पायाच्या पट्ट्या आधी सोडलेल्या हव्यात, आणि मग थोडा वेळ त्याला सावलीत नुसते उभे राहू द्यायचे. खोगीर काढल्याबरोबर पाठीचे चित्र घेतले तर ते कुठे रुतते तेही दिसते. आमच्या मराठीत खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी माल. पण खोगिरातली ती भरती वाईट असली की काय होते ते या चित्रात पाहावे.

आणि आता मला ज्यासाठी हे सारे लिहावेसे वाटले त्या गोष्टीकडे येतो.

अमेरिकेत टेनेसी वॉकिंग नावाची घोड्याची एक जात आहे. पुढचे पाय उंच उचलून डौलात चालणे हे तिचे वैशिष्ट्य. स्पर्धांत जो जास्त उंच उचलेल त्याला बक्षीस. मग काही लोकांनी काय करावे? घोड्याच्या खुरावरच्या सांध्याला मोहरीचे तेल, रॉकेल असली जळजळणारी द्रव्ये चोळायची, त्यावर साखळ्या बांधायच्या. पाय टेकला की आग होते, म्हणून जनावर तो झटक्याने वर उचलते, आणि प्रेक्षक टाळ्या देतात. १९७० साली तिथे याविरुद्ध कायदा झाला. पण सिद्ध कसे करायचे? घोडा साक्ष देत नाही. तेव्हा हा कॅमेरा पुढे आला. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात १९७८ ते १९८२ या काळात पुरोहित आडनावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर या चित्रांचा कसून अभ्यास केला. चोळणारा हात जे लपवीत होता ते कॅमेऱ्याने उघडे केले.

मोहरीचे तेल! थंडीत आपण ते लेकरांच्या छातीला लावतो. चोळणे तेच, तळहात तोच. मला त्या रात्री झोप आली नाही, हे प्रांजळपणे लिहितो.

यापुढची पायरी लाल मिरचीची. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांपैकी काहींच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडले, म्हणजे मिरचीचा तिखटपणा ज्यात असतो ते द्रव्य. दुखऱ्या अंगाला चोळले तर ते वेदना शमवते म्हणून औषध. आणि पायाला चोळले तर कातडी इतकी हुळहुळी होते की दांडीला पाय लागू नये म्हणून घोडा जिवाच्या आकांताने उंच उडतो. कामिरो या घोड्यामुळे नॉर्वेच्या संघाला आपले कांस्यपदक गमवावे लागले.

पण कॅमेरा म्हणजे परमेश्वर नव्हे. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या टिफनी फॉस्टर या स्वाराचा व्हिक्टर हा घोडा असाच बाद झाला. पाय हुळहुळा आहे असे तपासणीत दिसले. कॅनडाच्या गोटाचे म्हणणे, खुराच्या कडेला छोटीशी जखम आहे, एवढेच. खुद्द नियामक मंडळानेही सांगितले की गैरप्रकाराचा आरोप आम्ही करीत नाही. पण बाद ते बादच. कॅमेऱ्याला ऊब दिसते. ती लाथेने आली, ठेचेने आली की चोळलेल्या मिरचीने, हे त्याच्या चित्रात लिहिलेले नसते. म्हणून चित्र काढून झाल्यावरही पशुवैद्य खाली वाकतात आणि हाताने पाय दाबून पाहतात, आणि दाबल्यावर घोडा पाय कसा ओढतो ते बघतात. हाताची सुटका झालेली नाही.

मालिशचेही आज शास्त्र झाले आहे. जॅक मेघर या अमेरिकन गृहस्थाने माणसांच्या स्नायूंवर काम करता करता घोड्यांकडे मोर्चा वळवला, आणि १९८५ साली घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर पुस्तक लिहिले. आता परदेशांत शर्यतीच्या घोड्यांना ठरलेल्या वेळी मालिशवाले येतात. मालिशने घोडा अधिक वेगाने पळतो असे कुणी सांगितले तर मी एकदम विश्वास ठेवणार नाही. तसा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. मात्र एक प्रयोग माझ्या मनात घर करून बसला आहे.

घोडे एकमेकांशेजारी उलट तोंडांनी उभे राहून दातांनी एकमेकांची मान खाजवतात, हे आपण पाहिलेले असते. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग भागात १९९३ साली दोन संशोधकांनी घोडे सगळ्यांत जास्त कुठे खाजवतात ते टिपून घेतले. आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या उंचवट्यापाशी. मग त्यांनी त्याच जागी माणसाच्या हाताने खाजवून घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजले. ते कमी झाले. दुसऱ्या जागी तेवढेच खाजवून पाहिले. ठोके होते तसेच राहिले.

माझ्या कादंबरीतला मोतद्दार सातव्या प्रकरणात छावणीच्या कडेला बसला आहे. बाहेर पाऊस आहे, दिवा जपून ठेवायचा हुकूम आहे, आणि घोडी दाण्याला तोंड लावीत नाही. त्याने खरारा बाजूला ठेवला आहे. हात नेमका कुठे ठेवायचा, ते आता मला ठाऊक आहे. प्रकरण पुरे करायला दिवाळीची सुट्टी हाताशी आहे.